बडोद्यात घरच्या घरी फिल्म रोल धुवायचा कसा: माळ्यावरच्या कॅमेऱ्यापासून माठाच्या पाण्यापर्यंत

माझा पहिला रोल अख्खा कोरा निघाला. ३६ फोटो, त्यातले तीसेक मावसभावाच्या मुंजीतले आणि बाकीचे मांडवी ते न्यायमंदिर भटकून काढलेले, सगळे गेले. गंमत म्हणजे धुण्यात काहीच चुकलं नव्हतं, रोल कॅमेऱ्यात नीट अडकलाच नव्हता आणि मी दिवसभर नुसते खटके मारत हिंडत होतो. मावशी अजून विचारते, "काय रे, आले का फोटो?" आणि घरातले सगळे हसतात.

त्यानंतर बरेच रोल झाले, दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या बाथरूममध्येच धुतले, काही बिघडवले, बरेचसे जमले. आता कोणी विचारलं की दरवेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच लिहून टाकतो. इंटरनेटवर माहिती ढीगभर आहे पण ती सगळी थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली, तिथे नळ सोडला की २० डिग्रीचं पाणी येतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात लावला तरी चटका देतं, त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

१. कॅमेरा: आधी माळा बघा, मग बाजार

घरात, काकाकडे, मामाकडे विचारा. आपल्या मराठी घरांमध्ये एखादा याशिका नाहीतर पेंटॅक्स कुठेतरी रुमालात गुंडाळून ठेवलेला असतोच. आजोबांच्या कपाटात आगफा क्लिक थ्री सापडली तर जपून ठेवा, ती आपल्या बडोद्यातच बनायची, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. पण तिच्यात १२० चा मोठा रोल लागतो आणि १२ च चौकोनी फोटो येतात, म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या रोलसाठी ठेवा. शिकायला ३५ एमएमचा, हाताने फोकस करायचा आणि मेकॅनिकल शटरचा कॅमेरा बरा. पेंटॅक्स के१००० किंवा याशिका एफएक्स-३ सुपर २००० असे कॅमेरे बॅटरी संपली तरी चालतात, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, आणि ती एलआर४४ ची बटणासारखी बॅटरी कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

जुना कॅमेरा घेताना हे बघाच:

- मागचं झाकण उघडा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळ्यात ही लागतेच, थोडी असेल तर फोटोवर फारसा फरक पडत नाही पण त्यासाठी भाव पाडून घ्या.
- झाकणाच्या कडेच्या खाचेत काळा फोम असतो. बोट लावल्यावर डांबरासारखा चिकट लागला तर तो गेलाय, तिथून उजेड आत शिरणार. नवा फोम किंवा काळी लोकर घालून घरी दुरुस्त होतं.
- शटर एक सेकंदावर ठेवून दाबा. "खट... खट" असं सेकंदाचं अंतर ऐकू यायला हवं. मध्येच अडकलं तर तो कॅमेरा सोडा.

ऑनलाइन घेताना "अनटेस्टेड" लिहिलेला कॅमेरा म्हणजे टेस्ट करून बिघडलेला निघालेला कॅमेरा, असंच समजायचं. मी एक घेतलाय असा. सध्या पेपरवेट आहे.

२. पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइटच

कलर घरी धुता येतो पण त्याचं डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) ३८ डिग्रीवर आणि जेमतेम सव्वातीन मिनिटांचं काम, पाव-अर्धी डिग्री इकडेतिकडे झाली की रंग बिघडतो. (मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी आपोआप ३८ ला येतं हा एकच फायदा.) ब्लॅक अँड व्हाइट खूप माफ करतं. इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा केंटमियर ४०० घ्या. दोन्ही ४०० स्पीडचे (स्पीड म्हणजे फिल्म उजेड किती चटकन पकडते ते), पोळातल्या, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीतल्या, सावलीतही चालतात आणि उन्हातही.

इथे एक सापळा आहे. इल्फर्ड एक्सपी२ नावाचा रोल ब्लॅक अँड व्हाइटच असतो पण तो कलरच्या प्रोसेसमध्ये धुवायचा असतो. खोक्यावर सी-४१ लिहिलेलं दिसलं की ठेवून द्या. आणि एक्सपायर झालेला स्वस्त रोल पहिल्यांदा नकोच, तो कुणाच्या दुकानात किती उन्हाळे तापलाय ते कळत नाही, मग फोटो धुरकट आले की चूक तुमची की रोलची हेच समजत नाही. नवा रोल आणला की फ्रिजमध्ये ठेवायचा, वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून खोक्यातच राहू द्यायचा, नाहीतर त्याच्यावर दव धरतं.

आणि कृपा करून एकच फिल्म, एकच डेव्हलपर, निदान पाच रोल तरी. दरवेळी नवं काहीतरी करून बघणारे मित्र आहेत माझे, दोन वर्षं झाली तरी त्यांना आपलंच निगेटिव्ह पातळ का आलं ते सांगता येत नाही.

३. रोल भरणं, जिथे माझी मुंज झाली

फिल्मची जीभ ओढून उजवीकडच्या दांड्याच्या खाचेत घाला, एकदा पुढे सरकवा, दोन्ही कडांची भोकं दातांवर बसली का बघा, मग झाकण बंद. आता डावीकडचं रिवाइंडचं हँडल बाणाच्या दिशेने हळूच फिरवून ढिली फिल्म घट्ट करून घ्या. यापुढे प्रत्येक वेळी फिल्म सरकवताना ते हँडल आपोआप उलटं फिरायलाच पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सरकत नाहीये, काउंटर कितीही आकडे दाखवू दे. मी काउंटर बघत बसलो होतो.

स्पीडची चकती ४०० वर आणायला विसरू नका. रोल संपला की तळाचं छोटं बटण दाबून हँडल फिरवत फिल्म डबीत परत घ्यायची, हँडल एकदम हलकं झालं की मगच झाकण उघडायचं.

४. फोटो काढताना

मीटर असेल तर मीटरचं ऐका. नसेल तर सोपा हिशोब: कडक उन्हात एफ/१६ (एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) आणि शटर फिल्मच्या स्पीडच्या जवळपास, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. मोकळ्या सावलीत तेच शटर ठेवून एफ/५.६. शंका आली तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्या, निगेटिव्हला जास्त उजेड पचतो, कमी पचत नाही. सावलीत जे आलंच नाही ते नंतर कशानेही येत नाही.

पहिला रोल जमेल तितका लवकर संपवा, एका सकाळीत झाला तर उत्तम. कमाटीबाग, सूरसागरचा काठ, खंडेराव मार्केटबाहेरच्या भाजीच्या लाऱ्या (हातगाड्या), सकाळी साडेसात-आठचा तिरपा उजेड. गरबा, लग्न, बारसं यातलं काहीही पहिल्या रोलवर नको, वर सांगितलंच आहे का ते. खिशात एक छोटी वही ठेवा आणि फोटो नंबर, एफ, शटर एवढंच लिहा. कंटाळा येतो, पण धुतल्यावर ती वही सोन्याची वाटते.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघायचं कसं हे कळत नसेल तर ज्योती भट्ट यांचे फोटो शोधून बघा. आपल्या बडोदा विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधलेच, खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरची चित्रं आणि रांगोळ्या त्यांनी वर्षानुवर्षं टिपल्यात. बाईने हाताने सारवलेली भिंत फक्त करड्या रंगांमध्ये कशी दिसते ते कळतं.

५. धुण्याचं सामान

- डेव्हलपिंग टाकी, म्हणजे उजेड न शिरणारा डबा, फिल्म गुंडाळायच्या प्लास्टिकच्या रिळासकट. ३५ एमएमच्या एका रोलला किती मिली लागतं ते तळाला लिहिलेलं असतं, पॅटरसनच्या टाकीला २९० मिली
- चेंजिंग बॅग, म्हणजे दोन बाह्या असलेली काळी पिशवी
- डेव्हलपर: डी-७६ किंवा आयडी-११ ची पावडर, एक लिटरची
- फिक्सर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन, ज्याला जुने लोक सरसकट हायपो म्हणतात
- थर्मामीटर. तापाचा नाही, ० ते ५० डिग्री दाखवणारा, लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतो
- मापाचे दोन ग्लास, नरसाळं, घट्ट झाकणाच्या गडद बाटल्या
- कात्री, बाटलीचा ओपनर, कपडे वाळत घालायचे चिमटे
- दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, स्वस्तात मिळतं

ओपनर फिल्मच्या डबीचं झाकण काढायला लागतो. आपल्या गुजरातेत त्याला तसंही दुसरं फारसं काम नसतं.

स्वयंपाकघरातलं एकही भांडं यात वापरायचं नाही आणि यातलं एकही परत स्वयंपाकघरात जायचं नाही. डेव्हलपर पाण्यासारखाच दिसतो. मी सुरुवातीला तो सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवला होता, आईने वेळेवर विचारलं म्हणून ठीक. आता प्रत्येक बाटलीवर मराठीत आणि गुजरातीत "पिऊ नये, विष" असं मोठं लिहिलेलं असतं आणि भरल्याची तारीखही. काहींच्या कातडीला डेव्हलपरची खाज येते, हातमोजे घाला.

पावडर आदल्या दिवशी कालवा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या गरम पाण्यात, डी-७६ ला साधारण ५०-५५ डिग्री, थोडी थोडी घालत ढवळायची. रात्रभर थंड होऊ द्या. बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर सहा महिने टिकतं, अर्धी रिकामी असेल तर दोनच, कारण आतली हवा त्याला खाते.

६. अंधारात रीळ भरणं

सगळ्यात जास्त रोल इथे बिघडतात, म्हणून यावर वेळ घाला. एक जुना फुकट गेलेला रोल घ्या (माझा मुंजीचा याच कामी आला, शेवटी काहीतरी उपयोग झाला) आणि तो आधी उजेडात पाच वेळा रिळावर चढवा, मग डोळे मिटून पाच वेळा, मग पिशवीत. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल कापायचे, टोक खाचेत सारून दोन्ही अंगठ्यांनी रिळाच्या बाजू आळीपाळीने मागे-पुढे करायच्या, फिल्म आपली आपण आत जाते. कुरकुर आवाज आला किंवा अडकलं तर जोर लावायचा नाही, दोन वळसे मागे ओढून परत.

आता आपल्याकडची खास भानगड. एप्रिल-मेमध्ये पिशवीत हात घातल्यावर पाच मिनिटांत तळव्यांना घाम सुटतो, आतली हवा दमट होते, आणि दमट प्लास्टिकच्या रिळात फिल्म अशी चिकटते की काही केल्या पुढे जात नाही. माझा एक रोल असाच मध्यावर अडकला, रात्री अकरा वाजता, मी पिशवीत हात घालून घामाघूम, बाहेर बाबा विचारतायत "झालं का रे? मला बाथरूमला जायचंय." शेवटी रीळ तसंच टाकीत टाकून झाकण लावलं आणि हात बाहेर काढले. तुम्हालाही हेच करायचंय: अडकलं तर सगळं टाकीत, झाकण बंद, हात बाहेर, पंख्याखाली पंधरा मिनिटं बसा, हात कोरडे करा, मग परत. टाकी बंद आहे तोवर फिल्मला काही होत नाही. पण टाकीच्या मधला काळा दांडा आत घालायला विसरलात तर झाकण असूनही वरून उजेड जातो, तेवढं लक्षात ठेवा.

रीळ पूर्ण कोरडं हवं. सकाळी एक रोल धुवून दुपारी त्याच रिळावर दुसरा चढवायला जाऊ नका, रात्रभर वाळू द्या.

७. तापमान, म्हणजे खरी डोकेदुखी

सगळ्या तक्त्यांमध्ये वेळ २० डिग्रीची असते. बडोद्यात उन्हाळ्यात २० डिग्री गाठायचे म्हणजे बर्फाची फॅक्टरी लागेल, आणि गाठले तरी धुवायला वापराल ते पाणी ३४ चं, त्या झटक्याने फिल्मचा थर आकसून बारीक जाळी पडू शकते. म्हणून मी २० चा नाद सोडला आणि सगळं २४ वर करतो. दर डिग्रीला वेळ ढोबळमानाने ८-९ टक्के कमी होते. एचपी५ ला डी-७६ पाण्यात निम्मं-निम्मं करून २० डिग्रीला ११ मिनिटं लागतात, २४ ला ती पावणेआठ-आठवर येतात. डेव्हलपर पाणी न घालता वापरलात तर २० लाच साडेसात मिनिटं आहेत, २४ ला पाचच्या आसपास उरतात आणि इतक्या कमी वेळात डाग पडायची भीती, म्हणून निम्मं-निम्मंच करा. दुसरी कुठली फिल्म असेल तर वेळ तिच्या कागदावरून घ्या.

२४ आणायला माठ. खरंच. कोरड्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावरच्या माठातलं पाणी सकाळी २५ ला असतं, मी थर्मामीटर घालून बघितलंय, त्यावरून आजीची बोलणीही खाल्ली आहेत मी. आता माझा वेगळा छोटा माठ आहे. ते पाणी एका टबात घ्यायचं, त्यात बर्फाचे चार-पाच खडे, आणि सगळ्या बाटल्या त्यात अर्धा तास उभ्या करायच्या. धुवायचं पाणीही त्याच माठाचं. पावसाळ्यात मात्र हवा दमट असते, माठ झिरपून गार होत नाही, तेव्हा फ्रिजचं पाणी मिसळा. थंडीत उलट, जानेवारीत उत्तरायणाच्या आसपास सकाळचं नळाचं पाणी आपोआप २० च्या जवळ येतं. पहिला रोल तेव्हा धुवायला मिळाला तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच.

८. प्रत्यक्ष धुणं

आधी उजेडात एक तपासणी: फिल्मच्या टोकाचा कापलेला तुकडा फिक्सरमध्ये टाका आणि तो काचेसारखा पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंगला. तुकडा दहा मिनिटांतही साफ झाला नाही तर फिक्सर मेलेला आहे, रोल वाचला समजा.

- डेव्हलपर: १५० मिली डेव्हलपर, १५० मिली डिस्टिल्ड पाणी, २४ डिग्री. ओता, घड्याळ सुरू, झाकण लावून पहिले १० सेकंद चार वेळा टाकी उलटी-सुलटी करा, मग ओट्यावर दोनदा टकटक आपटा, बुडबुडे सुटतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला हेच. कॉकटेलसारखं खळखळवू नका. वेळ संपायच्या १० सेकंद आधी ओतायला लागा. हे मिश्रण एकदाच वापरायचं, नंतर भरपूर पाण्यासोबत गटारात.
- पाणी: स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) मी वापरत नाही, त्याच तापमानाचं पाणी भरून हलवून ओततो, तीन वेळा.
- फिक्सर: मोजलेल्या वेळेइतका, मधून मधून हलवत. हा परत बाटलीत ओता, पुन्हा वापरता येतो. आता झाकण उघडलं तरी चालतं.
- धुणं: नळ अर्धा तास वाहता ठेवायची गरज नाही. पाणी भरा, पाच वेळा उलटसुलट, ओता. नवीन पाणी, दहा वेळा. नवीन पाणी, वीस वेळा. इल्फर्डची ही पद्धत आहे, लिटरभर पाण्यात काम होतं.
- शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचा (पाणी ठिपके न ठेवता निथळून जावं म्हणून घालायचं रसायन) थेंब टाकून मिनिटभर बुडवा. बोअरिंगच्या पाण्याने शेवट केलात तर क्षाराचे पांढरे ठिपके फिल्मवर कायमचे.

९. निगेटिव्ह वाचायला शिका

बाहेर काढल्यावर काय दिसतं त्यावरून चूक कळते. फिल्म पूर्ण पारदर्शक पण कडेचे आकडे आणि कंपनीचं नाव दिसतंय, तर धुणं बरोबर झालंय, फिल्मवर उजेडच पडला नाही (माझी मुंज). आकडेही नाहीत, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा तुम्ही आधी फिक्सर ओतलात. पूर्ण काळी, तर कुठेतरी उजेड शिरला. दुधाळ दिसतेय, तर फिक्सिंग कमी झालंय, घाबरू नका, परत फिक्सरमध्ये टाका. चंद्रकोरीसारखे काळे डाग दिसले तर रीळ भरताना फिल्म मुडपली होती.

१०. वाळवणं आणि स्कॅन

बाथरूममध्ये वरच्या दोरीला चिमट्याने टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. त्याआधी गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडून वाफ करा म्हणजे धूळ खाली बसते. पंखा बंद, खिडकी बंद, आणि घरात सांगून ठेवा की तीन तास कोणी आत यायचं नाही. आमच्याकडे हीच पायरी सगळ्यात अवघड.

मग सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये, म्हणजे निगेटिव्ह ठेवायच्या पारदर्शक पाकिटात. स्कॅनर नसेल तर टॅबवर पांढरी स्क्रीन लावा, निगेटिव्ह तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, थेट टेकवलं तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात. मोबाईलने किंवा कॅमेऱ्याने वरून फोटो घ्या आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. खोलीतले बाकी दिवे बंद.

११. वापरलेला फिक्सर

त्यात तुमच्या फिल्ममधली चांदी उतरलेली असते. तो मोरीत नको, तुळशीत तर अजिबातच नको. मी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवतो. पूर्वी एक्स-रेवाल्यांकडून असा हायपो विकत घेऊन चांदी काढणारे लोक असायचे, एखाद्या जुन्या फोटो लॅबमध्ये किंवा एक्स-रे क्लिनिकमध्ये विचारलंत तर कोण नेतं ते कळतं. मी दिला त्या काकांनी पैसे काही दिले नाहीत, पण कॅन धुवून परत दिला आणि जाताना विचारलं, "अजून रोल धुता का तुम्ही लोक?"